फॉसबेरीचे रिव्हॉल्व्हर, संग्राहकांची नजर आणि आपला परवाना

डॅशिएल हॅमेटच्या ‘द माल्टीज फाल्कन’ (१९३०) या कादंबरीत सॅम स्पेडचा भागीदार माइल्स आर्चर मारला जातो. घटनास्थळी सापडलेले हत्यार पोलीस स्पेडसमोर धरतात आणि तो ते पाहताक्षणी नावानिशी ओळखतो: वेब्ली-फॉसबेरी, ०.३८ इंच व्यासाचे, आठ बारांचे. हॅमेट स्वतः पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरी करून आलेला लेखक. हत्याराच्या बाबतीत त्याची चूक होत नाही. १९४१ साली जॉन ह्यूस्टनने या कादंबरीवर चित्रपट काढला, तेव्हा संवादात ०.३८ चे ०.४५ झाले आणि बार मात्र आठच राहिले. असे हत्यार कधी बनलेच नव्हते. मोठ्या व्यासाचे फॉसबेरी सहा बारांचे असे, आठ बार फक्त लहान व्यासाच्या नमुन्यात बसत. जुन्या हत्यारांचे संग्राहक ही चूक गेली कित्येक वर्षे आनंदाने चघळत आले आहेत. पाठभेदाच्या चिकित्सेवर वाढलेल्या आमच्यासारख्यांना त्यांचा हा आनंद अगदी ओळखीचा वाटतो.

मराठी साहित्य शिकवणाऱ्यांनी एका ब्रिटिश रिव्हॉल्व्हरवर का लिहावे, असे वाचकांपैकी कोणी विचारील. आम्ही राहतो बदलापुरातल्या मांजर्लीत. कॉलेजला जाताना लोकलने पहिले स्थानक लागते अंबरनाथ. तेथे स्वातंत्र्यानंतर सरकारने उभारलेला शस्त्रास्त्रांचा कारखाना आहे, आणि त्यातल्या निवृत्त कामगारांची मुले आमच्या वर्गांत शिकून गेली आहेत. पुढचे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेली ती छावणी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले, १९४९ साली गावाला नवे नाव मिळाले, तरी पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगतात. साम्राज्याच्या हत्यारबंद इतिहासातून रोज पासावर प्रवास करणाऱ्या माणसांना त्या हत्यारांविषयी कुतूहल वाटले, तर त्यात नवल ते काय?

आधी वस्तू समजून घेऊ. रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या चक्रीचे पिस्तूल. आपल्याकडे जुनी माणसे त्याला ‘सहाबारी’ म्हणत. (या क्षेत्रातली आपली शब्दसंपत्ती फार गमतीची आहे. ‘बंदूक’ आणि ‘तमंचा’ फारशीच्या वाटेने आले, ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ पोर्तुगिजांकडून. पण हत्याराच्या अंगाउपांगांना मात्र आपण घरचे शब्द दिले: घोडा, चाप, नळी, मूठ. परक्या वस्तूच्या शरीराला मराठी नावे आणि तिच्या जातीला परकी, ही विभागणी भाषेच्या विद्यार्थ्याने जरूर तपासावी.) साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये चक्री फिरवण्याचे आणि घोडा चढवण्याचे काम बोट करते. स्वयंचलित पिस्तुलात ते काम बार उडाल्यावर बसणारा धक्का करतो, पण तेथे चक्री नसते. काडतुसे मुठीत एकावर एक रचलेली असतात. फॉसबेरीने या दोहोंचा संकर केला. त्याच्या हत्यारात नळी आणि चक्री ही जोडगोळी खालच्या सांगाड्यावर मागेपुढे सरकते. बार उडाला की धक्क्याने ती मागे जाते आणि घोडा चढतो. मुठीतली स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते. चक्रीच्या अंगावर नागमोडी खाचा कोरलेल्या असतात आणि सांगाड्यात रोवलेली एक खुंटी त्या खाचांतून फिरते. त्यामुळे मागे जाताना चक्री अर्धा टप्पा वळते, पुढे येताना उरलेला अर्धा, आणि नवे काडतूस नळीसमोर येऊन थांबते. रिव्हॉल्व्हरला सहसा नसणारा सुरक्षेचा खटकाही याला होता, कारण घोडा चढलेल्या स्थितीतच ते बाळगायचे होते.

ही करामत कागदावर फार देखणी आहे. व्यवहारात तिला दोन गोष्टी लागत: घट्ट मनगट आणि स्वच्छ हवा. मनगट ढिले पडले तर धक्का हातातच जिरे आणि चक्री पूर्ण फिरत नसे. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत खाचांमध्ये चिखल बसू लागला, तेव्हा तर या नाजूक यंत्राचे फारसे काही चालले नाही. ब्रिटिश सैन्याने ते अधिकृतपणे कधीच स्वीकारले नाही. १९१५ साली स्वीकारला तो वेब्लीचाच साधा, दणकट ‘मार्क सहा’. फॉसबेरी १९०१ पासून विक्रीला आले आणि एकूण पाच हजारांच्या आत बनले. त्यातही आठ बारांचा नमुना अगदीच थोडा. जे त्या काळी फसले तेच आज दुर्मीळ म्हणून शोधले जाते आणि लिलावात हजारो पौंडांना जाते. पहिल्या आवृत्तीच्या न खपलेल्या प्रतींचे पुढे काय होते, हे रद्दीच्या दुकानांत हिंडणाऱ्या आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता माणूस. जॉर्ज व्हिन्सेंट फॉसबेरी (१८३२–१९०७) हा बंगालच्या लष्करातला अधिकारी. १८६३ साली वायव्य सरहद्दीवर, आजच्या पाकिस्तानातल्या बुनेर भागात, अंबेलाची मोहीम झाली. तीत ३० ऑक्टोबर रोजी एक उंच सुळका शत्रूकडून परत घेताना त्याने दाखवलेल्या धाडसाबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. निवृत्तीनंतर तो हत्यारांच्या सुधारणेत रमला. १८८५ साली त्याने एका बंदुकीचे पेटंट घेतले. हॉलंड अँड हॉलंड कंपनीने ती ‘पॅराडॉक्स’ या नावाने विकली. तिची नळी जवळजवळ पूर्ण गुळगुळीत, फक्त तोंडापाशी आटे पाडलेले. त्यामुळे छर्रे घालून पाखरे मारता येत आणि गोळी घालून वाघ. हिंदुस्थानातले संस्थानिक आणि साहेब यांच्या शिकारखान्यांत तिला मोठा मान होता. दहा वर्षांनी, १८९५ मध्ये, स्वयंचलित रिव्हॉल्व्हरचे पेटंट आले. दोन्ही शोधांत एकच मन दिसते: जुन्या प्रकाराला न सोडता नव्याचे गुण त्यात आणू पाहणारे. आमच्या पिढीने ज्या संक्रमणकाळातल्या कादंबऱ्या परीक्षेसाठी वाचल्या, ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा ‘मोचनगड’ (१८७१), त्यांच्यातही हीच ओढाताण आहे. अशा कृतींना ‘अपरिपक्व’ म्हणून मोकळे होण्याची आपल्या समीक्षेची सवय आम्हाला फारशी मान्य नाही. फॉसबेरीच्या नागमोडी खाचा पाहिल्यावर तर मुळीच नाही.

ब्रिटिश अधिकारी आपले कमरेचे हत्यार स्वतःच्या पैशांनी विकत घेत. सैन्याचे ०.४५५ इंची काडतूस त्यात चालले पाहिजे, एवढी अट असे. नमुना ज्याच्या त्याच्या आवडीचा. म्हणून फॉसबेरी हे सरकारी भांडारातले नव्हे, तर कोणा एका माणसाने निवडून घेतलेले हत्यार असते, आणि संग्राहकांचा सगळा जीव या ‘कोणा एका’मध्ये गुंतलेला असतो. नळीच्या वर किंवा सांगाड्यावर कोरलेले दुकानाचे नाव, अनुक्रमांक, क्वचित मालकाची आद्याक्षरे यांवरून वस्तूची वंशावळ लावायची. जुन्या वेब्ली हत्यारांवर अनेकदा आढळणारे एक नाव म्हणजे ‘आर्मी अँड नेव्ही कोऑपरेटिव्ह सोसायटी’. अधिकाऱ्यांनीच स्थापलेल्या या संस्थेचे मुंबईतले दुकान काळा घोड्याजवळ होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातली तिची इमारत आजही ‘आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग’ म्हणून उभी आहे. बोटीतून उतरलेला नवखा लेफ्टनंट तंबू, घडीचा पलंग, टोपी आणि पिस्तूल अशी सगळी खरेदी एका छपराखाली करू शकत असे. आता तेथे तयार कपड्यांचे दुकान आहे. आमच्या विद्यार्थिनी तेथे जातात. त्यांना आम्ही इमारतीचे नाव वाचून यायला सांगतो.

त्याच मुंबई इलाख्यातल्या मराठी माणसाला मात्र असे दुकानात शिरून हत्यार निवडता येत नव्हते. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला १८७८ चा शस्त्रकायदा लागू झाला होता. त्यानुसार हिंदी माणसाला परवाना लागे आणि युरोपियनांना नियमांनी सूट होती. हा कायदा झाल्यावर वर्षाच्या आतच, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले. १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून राष्ट्रीय सभा या कायद्याविरुद्ध ठराव करू लागली. त्या ठरावांमागे शिकारीची हौस नव्हती. ज्याला स्वतःच्या घरात बंदूक ठेवता येत नाही तो प्रजाजन कसला, हा प्रश्न होता. हा अपमान त्या काळच्या सुशिक्षितांना किती खोल लागला होता, हे आज आपल्याला जवळजवळ विसरायला झाले आहे. बंदूक न बाळगण्यातच शहाणपण आहे असे मानणाऱ्या पिढ्यांत आपण वाढलो. आम्हीही त्याच मताचे आहोत. पण वर्णावरून नाकारलेली वस्तू आणि विचाराने टाळलेली वस्तू यांतला फरक इतिहास वाचताना सुटता कामा नये.

आणि मग नाशिक. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता, बदलून जाणाऱ्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा. तेथे अनंत कान्हेरे या तरुणाने जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्याच्या हातातले पिस्तूल ब्राउनिंग होते. बेल्जियममध्ये बनणारे, चपटे, खिशात मावणारे, खऱ्या अर्थाने स्वयंचलित असे हे पिस्तूल. लंडनच्या इंडिया हाउसमधून सावरकरांनी चतुर्भुज अमीनमार्फत पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी एक. काळाचा योग असा, की फॉसबेरीचे रिव्हॉल्व्हर आणि ब्राउनिंगचे पिस्तूल साधारण एकाच सुमारास बाजारात आले. फॉसबेरीचे वजन सव्वा किलोच्या आसपास. ते कमरेला उघड लटकवण्यासाठी होते. ब्राउनिंग लपवण्याजोगे होते. राज्यकर्त्याचे हत्यार दिसावे लागते, बंडखोराचे दिसता कामा नये. एवढ्या एका भेदातून त्या दोन यंत्रांचे पुढचे प्रवास बरेचसे समजतात.

संग्राहकाच्या जगात हत्याराची वंशावळ सिद्ध झाली की किंमत वाढते. नाशिकच्या खटल्यात पिस्तुलाची वंशावळ सिद्ध झाली, तिने माणसे काळ्या पाण्यावर गेली. दुकान, अनुक्रमांक, कोणाच्या हातून कोणाच्या हाती: तपशील तेच, फक्त वाचणारा निराळा. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी झाली ती आमच्याच जिल्ह्यात, ठाण्याच्या तुरुंगात. येथे जॅक्सनविषयीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती आपल्या विषयाची आहे. हा माणूस संस्कृतचा जाणकार होता, आणि त्याने जमवलेली लोककथा-लोकसमजुतींची सामग्री त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेनने संपादून प्रसिद्ध केली. तिचा एक खंड कोकणाचा आहे. ठाणे जिल्ह्यातली गावदैवते, भुतेखेते, शेतीचे विधी यांसाठी लोकसाहित्याचे अभ्यासक आजही तो खंड उघडतात. तोही एक संग्राहकच होता. हे लिहिल्याने कान्हेऱ्यांचे बलिदान उणे होत नाही आणि जॅक्सनच्या कलेक्टरीचे समर्थनही होत नाही. पण पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदात या दोन गोष्टी शेजारी बसत नाहीत, म्हणून येथे बसवल्या.

मराठीतला संग्राहक म्हटला की आम्हाला दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) आठवतात. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारा हा माणूस १९२० च्या सुमारापासून वस्तू जमवू लागला, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्याने पुण्यात राजा केळकर संग्रहालय उभे केले आणि १९६२ साली ते महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवले. तेथे हत्यारांचे दालन आहे. पण माणसे थांबतात ती दिव्यांपाशी, अडकित्त्यांपाशी, वज्रींपाशी. आमच्या मते ते योग्यच आहे. (औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे, कोल्हापूरला नव्या राजवाड्यातले अशी इतर संग्रहालयेही आहेत, तेथली हत्यारे दरबारी थाटाची.) केळकरांच्या अडकित्त्याला अनुक्रमांक नाही, पेटंट नाही, कारागिराचे नावही नाही. तो कोणत्या गावच्या लोहाराने, कोणत्या साली घडवला ते सांगणारा कागद नाही. फॉसबेरीचा प्रत्येक नग मात्र नंबराने ओळखता येतो. पाश्चात्त्य संग्राहकाची दृष्टी अशा नोंदींवर पोसलेली आहे: मूळ नमुना, १९०२ चा बदल, चक्रीच्या खाचांतला बारीक फरक, पेटी मूळची की नंतरची. केळकरांची दृष्टी हाताच्या सफाईवर, घाटावर, घरातल्या वावरावर गेली. पहिलीने इतिहास काटेकोर होतो. दुसरीने तो राहण्याजोगा होतो. आपल्या विद्यापीठांनी या दोहोंपैकी एकही दृष्टी मनापासून शिकवलेली नाही.

‘प्राचीन’ कशाला म्हणावे, याचे उत्तर देशागणिक बदलते. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ अखेरपर्यंत बनलेले हत्यार तेवढे पुराणवस्तू. १९०१ चे फॉसबेरी दोन-तीन वर्षांनी हुकते. ब्रिटनमध्ये डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर (१९९६) पुढच्याच वर्षी खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ सरसकट बंदी आली. १९१९ पूर्वीच्या ऐतिहासिक हत्यारांना अटी घालून सूट मिळाली, म्हणून जन्मभूमीत फॉसबेरी कसेबसे टिकले. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांची मर्यादा सांगतो, तर १९५९ च्या शस्त्रकायद्याचे कलम ४५ वयापेक्षा अवस्थेकडे पाहते: कालबाह्य वा पुरातन मोलाचे हत्यार दुरुस्त करूनही चालण्याजोगे उरले नसेल, तर त्याला परवाना लागत नाही. म्हणजे इतिहास म्हणून मोकळे व्हायचे असेल तर हत्याराने आधी मेलेले असले पाहिजे. यात तर्क आहे, आणि सार्वजनिक सुरक्षेच्या दृष्टीने आम्हाला तो पटतो. पण ज्याची मौज यंत्राच्या चालण्यातच आहे अशा फॉसबेरीसारख्या वस्तूचे तो काय करतो, हेही पाहावे. खुंटी खाचेतून फिरत नसेल तर उरते ते एक विचित्र आकाराचे लोखंड.

खरी अडचण निराळीच आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. त्यामुळे त्याआधी देशात आलेली जुनी इंग्लिश हत्यारे घराघरांतून वारशाने फिरत राहिली. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची मर्यादा घातली आणि वारसाहक्काने आलेली हत्यारेही त्याच मर्यादेत बसवली. तिसरे पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे. मर्यादेविरुद्ध आमची तक्रार नाही. देशात बंदुका कमी असलेल्याच बऱ्या. मात्र आजोबांचे रिव्हॉल्व्हर जमा करायला गेलेल्या माणसाच्या पावतीवर व्यास आणि नंबर लिहिला जातो. दुकानाचे कोरलेले नाव, आद्याक्षरे, ते घरात कसे आले याची हकीकत यांसाठी पावतीवर रकाना नसतो. पुढे ते हत्यार मालखान्यात गंजले किंवा वितळवले गेले, की काळा घोड्याच्या दुकानापासून कोकणातल्या एखाद्या वाड्यापर्यंतचा रस्ता कायमचा पुसला जातो.

गेल्या वर्षी आम्ही दोघांनी पदव्युत्तर वर्गाला एक प्रकल्प दिला. मुरबाड, शहापूर, कर्जत या भागांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातल्या वृद्धांना बंदुकीच्या भागांची नावे विचारून आणायची; हत्यार पाहायचे नाही, हाताळायचे तर नाहीच, फक्त शब्द. ठासणीच्या बंदुकीच्या, सहाबारीच्या, डुकरे हाकलायच्या बंदुकीच्या बोलीतल्या नावांची एक वही तयार झाली आहे. ‘घोडा’ आणि ‘चाप’ सगळीकडे सापडले. चक्रीसाठी मात्र तीन गावांतून तीन निराळे शब्द आले; त्यातला एक उखळीच्या तोफेच्या परिभाषेतला दिसतो, आणि तो खरोखर तेथूनच आला की कसे, याचा शोध वर्गातली दोन मुले सध्या घेत आहेत.